कोचच्या अंगणातली पाटी

मित्रांनो, माझ्या अंगावर 'घर विकणे आहे' एवढेच लिहिले आहे. मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. कॅन्ससमधल्या एका लहान गावात घरे विकणाऱ्या ओपलबाईंनी मला स्वतः रंगवले आणि लोखंडाचे दोन पाय लावले. अठरा वर्षे मी कितीतरी अंगणांत उभी राहिले. घर विकले गेले की ओपलबाई म्हणायच्या, "हिचा पायगुण चांगला आहे." आता ते आठवले की मान खाली जाते.

आमच्या गावाचा जीव कॉलेजच्या फुटबॉलमध्ये. एमेट डॉर्सी चौदा वर्षे तिथे कोच होते. त्या नोव्हेंबरात रेडिओवर आले, की एक व्यावसायिक संघ त्यांना नेणार. कोच काहीच बोलेनात. त्यातच त्यांची गाडी आठवड्यात दोनदा शहराच्या विमानतळाकडे जाताना दिसली. गावाने ठरवून टाकले, की हा माणूस चालला.

कोच सोडून जाणार असे वाटले, की आमच्याकडे लोक टोमणा म्हणून त्याच्या अंगणात अशी पाटी रोवतात. रविवारी दुपारी पेंडीच्या दुकानाचे मालक वेन्डेल यांनी ओपलबाईंना न विचारता मला उचलून कोचच्या अंगणात रोवले. बरोबर त्यांचा मेव्हणा रॉइस होता.

"दाजी, तिरकी झाली की!"

"राहू दे. सरळ माणसाच्या दारात थोडीच लावतोय?"

दोघे हसले. खरे सांगते, मलाही गंमत वाटली.

ते रस्त्यापलीकडे मजा बघत थांबले. थोड्या वेळाने कोचची गाडी आली. त्यांनी पत्नीला, नेडीनबाईंना, धरून उतरवले. बाईंच्या डोक्याला रुमाल, अंगात त्राण उरले नव्हते. त्यांनी मला वाचले.

"एमेट, घर काढलंस विकायला?"

"नाही गं. कुणीतरी चेष्टा केलीय."

"खरं सांग. मला इथंच, माझ्या खिडकीशी मरायचंय. तेवढंच मागितलं होतं ना तुझ्याकडे?"

"त्या संघवाल्यांना मी शुक्रवारीच 'येत नाही' म्हणून कळवलं. आपण कुठंही जात नाही."

त्यांनी मानेनेच बरे म्हटले. पण आत जाताना दोनदा वळून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मी आजही शरमते. विमानतळाजवळच मोठे हॉस्पिटल आहे, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

कोचनी मला उपटले आणि रस्ता ओलांडून वेन्डेलच्या हातात दिले. "ओपलची दिसते. तिला परत कर," एवढेच म्हणाले.

वेन्डेलनी मला परत केले नाही. केले असते, तर सगळे सांगावे लागले असते. मी त्यांच्या दुकानात पोत्यांमागे पडून गंजते आहे. फेब्रुवारीत नेडीनबाई गेल्या, त्यांच्या खिडकीशीच. त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी दुकानात येणाऱ्यांकडूनच ऐकले.

एप्रिलमध्ये कोच दुकानात आले.

"गवताचं बी दे रे. पुढच्या अंगणात दोन जागी गवत धरतच नाहीये."

त्या दोन जागा माझ्याच पायांच्या. वेन्डेलनी बी बांधून दिले. "कोच, मी..."

"माहीत आहे," कोच म्हणाले. "मोसम सुरू झाला की येतोस ना मॅचला?"

कोच गेल्यावर वेन्डेलनी माझ्यापुढे आणखी दोन पोती रचली.

मित्रांनो, कुणाच्या अंगणात काही रोवण्याआधी एकदा त्याचे दार वाजवा. आत कोण आजारी आहे, ते विचारा. मला उपटून काढायला एक क्षण पुरला. नेडीनबाईंना मात्र शेवटपर्यंत मधूनमधून विचारावे लागे, "एमेट, घर आपलंच आहे ना?"