एकोणतीसचा पाढा

यतीनचा राग नाकावर नव्हे, थेट पायात असे. त्याची सोळा वर्षांची लेक सिया अमेरिकेतल्या रेडमंडच्या रस्त्यांवर गाडी शिकत होती आणि हा शेजारी बसून, तिथे नसलेला ब्रेक कचाकचा दाबत ओरडायचा. "लक्ष कुठंय तुझं?" हे त्याचं पालुपद. शेवटी सियाने सांगून टाकलं, "बाबा, वन मोअर टाइम, अँड आय विल ओन्ली ड्राइव्ह विथ आई."

लायसन्ससाठी घरच्या मोठ्या माणसाबरोबर पन्नास तास चालवणं सक्तीचं. त्यातले बत्तीस उरले होते. ते संपले की पोरगी एकटी कुठेही जाणार; बापाशेजारी अशी तासभर पुन्हा कधी बसणार?

शनिवारी सकाळी लायब्ररीत प्रल्हादकाका प्राचीन ग्रीकांच्या नीतिविचारावर बोलत. नागपूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आता लेकीकडे राहायला आलेले. यतीन तिथे जातो तो नंतरच्या चहासाठी, असं त्याच्या बायकोचं, उल्काचं म्हणणं. पण काकांची एक गोष्ट त्याला भिडली: संयम कुणाच्या रक्तात नसतो, सवयीने अंगी बाणतो.

"पण काका, मी आतून उकळतोच. मग वरून शांत राहणं म्हणजे ॲक्टिंगच झालं ना?"

"मग कर की ॲक्टिंग. पोहता आल्यावर पाण्यात उतरतं का कोणी? आणि ग्रीकांचं सुख म्हणजे घडीभराची मौज नव्हे रे. चांगलं वागणं अंगवळणी पडलं, की त्या जगण्यालाच ते सुख म्हणत."

यतीनने तोड काढली. राग आला की मनात एकोणतीसचा पाढा. लहानपणी रोज दिवेलागणीला घोटलेला, तरी चोक सोळोत्तरशेपाशी हमखास अडखळायला लावणारा. तिथवर पोचेस्तोवर पारा उतरे. "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही," उल्का हसली. दोन महिने हा पाढा चालला. सिया तिरक्या नजरेने बघे.

मग एका रविवारी, भुरभुर पावसात, गाडी मागे घेताना सियाने शेजारच्या रेणूकाकूंची टपालपेटी आडवी केली. स्टिअरिंग घट्ट धरून, बोलणी खायच्या तयारीत ती बसून राहिली.

"लागलं नाही ना तुला?" यतीनने विचारलं. "पेटी आपण दोघं बसवू. आधी गाडी नीट पार्क कर."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, यू डिडन्ट डू द ट्वेंटीनाइन थिंग."

"तुला माहीत होतं?"

"यू मूव्ह युअर लिप्स."

यतीनने आठवून पाहिलं. खरंच, एकोणतीस एकेसुद्धा मनात आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो पावसात उतरला. रेणूकाकूंना सांगून दोघांनी पेटी पुन्हा उभी केली, जराशी वाकडीच.

सियाने चावी परत दिली नाही. "बाबा, अजून थोडं फिरायचं?" तिने चक्क मराठीत विचारलं.

"चल," म्हणत तो शेजारी बसला. पाय मात्र गपचूप सीटखाली घेतले.