करंट दिसला का?

"आता बघा बरं, पावणं. दिसला का करंट?"

रामदासने किक मारली. धर्माजी स्कूटरशेजारी उकिडवे बसले होते. इंजिनावर टेकवलेल्या प्लगच्या टोकाला ठिणगी पडते का, ते त्यांनी मान वाकवून, डोळे बारीक करून पाहिलं आणि बऱ्याच विचाराने सांगितलं, "न्हाई बा. काय बी न्हाई."

पेठला रस्त्याच्या कडेला रामदासचं गॅरेज होतं. करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरला हात लावणारा या भागात तो एकटाच उरलेला. घोडेगाव आणि मंचरच्या गॅरेजवाल्या पोरांनी नकाराची मान हलवली, तेव्हा धर्माजी गावातल्या गोरखच्या पिकअपमध्ये स्कूटर आडवी घालून थेट आहुप्याहून इथवर आले होते. गोरख त्यांना उतरवून पुढे निघून गेला होता. परत जायचं ते स्कूटरवरच, असा म्हाताऱ्याचा बेत होता.

किक आपण मारायची आणि प्लगकडे गिऱ्हाइकाने बघायचं, ही रामदासची पद्धत गेल्या वर्षातली. त्याआधी सगळं उलट असे. साखरेने त्याच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. कडेकडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गायब. हे फक्त बायकोला, गोजरबाईला ठाऊक होतं. न दिसणाऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण आणील? बातमी फुटली असती तर एकेचाळीस वर्षांचा धंदा आठवड्यात बसला असता. म्हणून तो पाना न बघता उचली आणि तेही अशा रुबाबात, की लोकांना वाटावं, मिस्तरीला बघायची गरजच नाही!

पण बंद गाडी समोर आली की त्याचं दुखणं कुठच्या कुठे पळे. आत्ताही तो खुशीत होता. करंट निघतो कुठून, येतो कसा आणि वाटेत अडतो कुठे, हे शोधण्यात त्याला अजून पोरासारखी मजा येई. त्याने इंजिनाच्या बाजूच्या चाकाच्या खिडकीतून आत पॉइंटपर्यंत बोट घातलं. बोट चिकट झालं. त्याने ते नाकाशी नेलं.

"पावणं, हे खुरासणीचं तेल आत कुणी घातलं?"

धर्माजी ओशाळले. "दसऱ्याला आमच्या घरची कोयत्याला, नांगराला तेल लावती. औंदा म्हनली, ही बी लई राबलीय बिचारी. मंग त्या भोकातनं वतलं वाटीभर."

रामदास खो खो हसला. "आवो, कोयत्याला तेल पायजे. पॉइंट कोरडाच लागतो. दोन टिकल्यांच्या मधी तेल बसलं की करंट तिथंच मेला!"

त्याने पॉइंट पेट्रोलने धुतला, पॉलिश पेपरने घासला आणि ऐटीत किक मारली. "दिसला?"

"न्हाई."

हे काही त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याने कंडेन्सर बदलला. "न्हाई." मागच्या भंगारातल्या गाडीची कॉइल काढून लावली. धर्माजी पुन्हा वाकले, पुन्हा डोळे बारीक केले. "न्हाई, मिस्तरी."

रामदास स्टुलावर बसला. डोळे गेले ते गेले, आता हातही चालले की काय?

तरी त्याला राहवेना. तो उठला आणि उगीच आणखी एक किक मारली. नेमकी त्याच वेळी रस्त्यावरची वर्दळ क्षणभर थांबली होती. टिक. त्याने कान टवकारले. पुन्हा किक. टिक, टिक. त्याने प्लगची वायर ओढून टोक बोटात धरलं आणि किक दाबली. झटका थेट खांद्यापर्यंत गेला.

"आयला!" तो आनंदाने ओरडला. मग सावकाश म्हणाला, "पावणं, करंट मघापासनं येतोय. पॉइंट पुसल्यापासनं. तुमी न्हाई म्हनत ऱ्हायला."

"उन्हात दिसत न्हाई."

"आपण सावलीत हाये."

धर्माजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मोतीबिंदू हाये. दोन्हीकडं. घरी कळलं तर चावी काढून घेत्याल."

"आन् घाटातनं कसं जाता?"

"रस्ता पाठ हाये मला."

रामदासला संताप आला. याला सडकून बोलावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं आणि तिथेच अडलं. कालच त्याने एका मोटरसायकलचे ब्रेक असेच पाठ असल्यासारखे बांधून दिले होते. त्याची त्यालाच लाज वाटली.

"मलाबी दिसला न्हाई, पावणं," तो म्हणाला. "मला वरीसभर काहीच धड दिसत न्हाई."

धर्माजी त्याच्याकडे बघत राहिले. दोघांनाही एकमेकांचं तोंड नीट दिसत नव्हतं.

रामदासने प्लग बसवला. दुसऱ्या किकला स्कूटर धूर ओकत सुरू झाली. धर्माजींचा हात आपसूक हँडलवर गेला. रामदासने ती मिनिटभर चालू दिली, मग बंद केली, गरम प्लग खोलून फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"ऑपरेशन करा. मग ह्यो घेऊन या, मी बसवून देतो. तवर गाडी हितंच."

धर्माजींनी प्लग खिशात घातला. "आन् तुमचं ऑपरेशन?"

"माझं पडद्याचं. ते दुरुस्त व्हत न्हाई म्हनत्यात."

"मी कुठं बोलनार न्हाई."

"बोला की. सांगा, रामदास करंटचं काम करतो, ब्रेकचं करत न्हाई."

मंचरची एसटी पलीकडच्या बाजूला थांबत असे. दोघे रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. धर्माजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि जागचे हलले नाहीत. रामदासने मान कलती करून कान दिला.

"टँकर हाये, भरलेला. जाऊ द्या त्याला." टँकर धडधडत गेला. "मागं मोटरसायकल... तीबी गेली. आता मोकळं हाये."

कशावरून, असं धर्माजींनी विचारलं नाही. त्यांनी मिस्तरीचं मनगट धरलं आणि दोघे रस्त्यावर उतरले.