एकाच झाडाची बाग

केळीला पाणी देता देता घरातल्या थोरल्या सुनेचा हात फावड्यावरच थांबला. तिसऱ्या ओळीतल्या एका झाडाची खालची पानं कडेने पिवळी पडून खोडाभोवती लोंबत होती. पाण्याला तोटा नव्हता, खतही वेळेवर पडलं होतं. तिने कोयत्याने खोड बुडाशी चिरलं. आतल्या पांढऱ्या गाभ्यात तांबूस-काळ्या रेघा चढल्या होत्या आणि कुबट वास येत होता.

मर रोग. तिने धाकट्या दिराला हाक मारली. त्याने खोड पाहिलं, मग आसपास कोणी नाही ना तेही पाहिलं.

ही टिश्यूची रोपं सगळ्या गावाने एकदमच आणली होती. एका निवडक झाडाचा कोंब घेऊन प्रयोगशाळेत, बाटल्यांमध्ये ती वाढवलेली. उंची सारखी, घड सारखे, तोडणीही एकाच आठवड्यात. लोक खुळावलेच. जुन्या वाणांचे मुनवे, बुंध्याशी फुटणारे कोंब, खणून फेकताना थोरलीही मागे राहिली नव्हती.

"एवढं एक उपटून पुरून टाकू," दीर म्हणाला. "दोन महिन्यांवर तोडणी आलीय. कशाला गावभर करायचं?"

"याला जे लागलं ते सगळ्यांना लागणार, भावजी. झाड एकच आहे हे, हजार ठिकाणी लावलेलं."

लोक आपल्यालाच बोल लावतील, असं तो कितीतरी वेळ सांगत राहिला. तिने पाट बुजवला. हा रोग पाण्यातून, मातीतून पसरतो, आणि त्यांचं पाणी उतरून खालच्या पैलवानाच्या बागेत जात होतं. चिखलाच्या चपला बांधावर काढून, पाय धुऊन ती त्याच्याकडे गेली.

पैलवान गावात सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस. आज त्याने तिचं सगळं खाली मान घालून ऐकलं. मग तिला बागेच्या मधोमध नेलं आणि वाळका पाला पायाने बाजूला सारला. खाली अठरा झाडांचे बुंधे होते, जमिनीलगत कापलेले.

"पंधरा दिवस झाले," तो म्हणाला. "पाणी तुमच्याकडून येतं, म्हणजे तुम्हाला आधीच कळलं असणार, असं वाटलं. तुम्ही गप्प, म्हणून मीही गप्प राहिलो, वहिनी."

तिने वर पाहिलं. टेकडीच्या पायथ्यापर्यंत एका उंचीच्या, एका हिरव्या रंगाच्या बागा पसरल्या होत्या. पाला जाळायचे दिवस नव्हते, तरी भर दुपारी त्यातल्या चार बागांमधून ओला, जड धूर वर चढत होता.