राखणीचा कोयता, एक नग

माझे पूर्ण नाव कोयता, पोलादी, शिसवी मुठीचा, मुद्देमाल एक नग. वय एक्केचाळीस वर्षे. मुक्काम दहिसरमधील एका पोलीस ठाण्याची मुद्देमाल खोली; लोखंडी कपाट, खालून दुसरा कप्पा. पंचनाम्यात माझा उल्लेख ‘हत्यार’ असा केला आहे. तो मला मान्य नाही. मी अवजार म्हणून जन्मलो. पुढे माझे हत्यार करण्यात आले.

माझा जन्म कणकवलीजवळ एका लोहाराच्या भात्यासमोर झाला. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यातून मला घडविण्यात आले. पहिली काही वर्षे मी बांबू तोडले, शहाळी सोलली, फणस फोडले. पुढे राजाराम यांनी मला दहिसरला, नदीकाठच्या त्यांच्या चाळीत आणले. ते त्या वेळी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला होते. लोखंडाची पारख असलेला माणूस. त्यांनी माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, “हो राखणीचो.” त्या क्षणी माझे आयुष्य ठरले.

चाळीच्या मागे उंबराखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. तो चाळीचा राखणदार. दर मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी त्याला बकरा द्यायचा, त्याने वर्षभर चाळ राखायची, असा करार. याला राखण म्हणतात. बकरा कापण्याचा हक्क राजारामांच्या घराण्याकडे होता. त्याचे दोन नियम होते. बकऱ्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचे आणि त्याने स्वतःहून अंग झाडण्याची वाट पाहायची. अंग झाडले म्हणजे देवाने कौल दिला. मग घाव घालायचा, तो एकच.

राखण झाली की मला तेल लावून वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळत आणि माळ्यावर ठेवत. मला कोणीही शिकवले नाही. त्या पानांवरून मी स्वतः वाचायला शिकलो. माझ्या वाट्याला वर्षाला एकच पान येई. ते मी पाठ करीत असे. रोज नवे पान वाचून रोज विसरणाऱ्यांपेक्षा हे बरे, असे माझे मत आहे. एका वर्षीच्या पानावर छापले होते की, परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापण्यास मनाई आहे आणि या नियमाची अंमलबजावणी करणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. तेलाने त्या बातमीचा समास खाल्ला होता, परंतु मजकूर शाबूत होता. पुढच्या मार्गशीर्षात मला त्याच पानातून बाहेर काढून पुन्हा वापरण्यात आले.

माझ्या पात्याखालून तेहेतीस बकरे गेले. ओला बांबू आणि बकऱ्याची मान तुटताना जवळजवळ सारखाच आवाज होतो. फरक असा की, तुटल्यावर बांबू पाय झाडत नाही आणि तुटण्याआधी तो लहान मुलासारखा ओरडत नाही. मानेची शीर तुटली की रक्त हातभर उंच उडते. ते गरम असते. थंडीच्या सकाळी माझ्या पात्यावरून वाफ निघे. लोक ती पाहून हात जोडत.

राजाराम सत्तरी ओलांडून गेले आणि त्यांचा उजवा हात थरथरू लागला. बशीत चहा ओतताना तो जमिनीवर सांडे. त्यांच्या पत्नी वनमालाबाई फडक्याने पुसत आणि बोलत.

“कप धरूक जमणा नाय, आणि कोयतो धरतलास?”

“हक्क सोडलंय तर सहदेव धरतलो.”

“धरूं दे मां!”

“त्याणे पाच बकरे बोललेत. चाळीचो टॉवर झालो तर पाच. ऐकलंस?”

सहदेव म्हणजे राजारामांचा पुतण्या. चाळीच्या पुनर्विकास समितीचा चिटणीस. एकाच्या जागी पाच मुंडकी उंबराखाली मांडायची, असा त्याचा नवस होता. राजाराम हक्क सोडू शकत नव्हते आणि एका घावात मान उडविणेही आता त्यांच्या हातात राहिले नव्हते. चाळीला ‘नाही’ म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. सरकारने मनाई केली तर मात्र कोणाचाच हक्क उरत नव्हता, त्यांचाही नाही आणि सहदेवचाही नाही.

म्हणून गेल्या मार्गशीर्षात मला धार लावून आणताना ते वाटेत पोलीस ठाण्याची पायरी चढले. मी कापडी पिशवीत होतो. टेबलामागे सहायक फौजदार चंद्रप्रकाश बसले होते.

“बोला आजोबा. पिशवीत काय?”

“कोयता.”

चंद्रप्रकाश उभे राहिले. “कोयता घेऊन ठाण्यात येता? आत टाकू का तुम्हाला?”

“मला टाका किंवा ह्या कोयत्याला टाका, साहेब. दोघांपैकी एकाला रविवारच्या आत टाका.”

त्यांनी अर्ज पुढे केला. स्वच्छ अक्षरात, समास सोडून लिहिलेला. आमच्या चाळीत उघड्यावर बकरा कापला जातो, तो नियमबाह्य आहे. कापणारा मीच आहे आणि माझा हात चालत नाही. जनावराचे हाल होतील. कृपया मनाई करावी, ही नम्र विनंती. खाली एक ओळ होती: ‘हा नियम कोणत्या देवाच्या दारात मोडला जातो हे न पाहता सर्वांना सारखा लावावा.’

चंद्रप्रकाश यांनी अर्ज वाचला आणि मान खाजवली. “तुमचंच देवाचं काम, तुम्हीच कंप्लेंट करताय? कापू नका ना मग. सिंपल आहे.”

“मी नाही कापला तर दुसरा कापेल. तुम्ही थांबवलंत तर कोणीच नाही.”

“धार्मिक मॅटर आहे हो. उद्या शंभर माणसं इथे येऊन बसतील. बघतो.”

“बघतो म्हणजे?”

“म्हणजे बघतो.”

राजारामांनी पोच मागितली. शिक्का मिळाला. तो कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि चार दिवस वाट पाहिली.

रविवारी पोलीस आले. दोन शिपाई, बंदोबस्तासाठी. त्यांच्या हातावर खोबरे ठेवण्यात आले आणि त्यांना खुर्च्या देण्यात आल्या. राजारामांनी एकाला विचारले, “साहेबांनी काही कागद दिला आहे का?” त्याने खोबरे चावत नकारार्थी मान हलवली.

काळ्या रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला बकरा होता. पाठीवर पाणी शिंपडले. तो झाडेना. पुन्हा शिंपडले. पाणी त्याच्या पोटावरून निथळत होते आणि तो राजारामांकडे पाहत खांबासारखा उभा होता. पाव तास झाला. माझ्या मुठीभोवतीची थरथर किंचित कमी झाली. राजारामांनी मला खाली केले.

“कौल नाय,” ते मोठ्याने म्हणाले. “देव नको म्हणता. सोडा तेका.”

सहदेव हसला. “अण्णानू, देवाक थंडी वाजता!” त्याने पाण्याची बाटली घेतली, बकऱ्याचा कान उलटा केला आणि थेट कानात धार सोडली. बकऱ्याने जिवाच्या आकांताने डोके झाडले. पाठोपाठ सारे अंग झाडले गेले.

“दिल्यान! कौल दिल्यान!” चाळ ओरडली.

सहदेवने दोरी ताणली. “जमतला मां? नायतर आणा हयसर.” त्याने माझ्यासाठी हात पुढे केला. राजारामांनी मला उचलले.

पहिला घाव मानेवर बसलाच नाही. मी खांद्याच्या हाडात रुतलो. बकऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तेहेतीस वर्षांत मी ऐकला नव्हता. एकाच घावात मरणाऱ्याला तो काढायला वेळच मिळत नाही. राजारामांनी मला उपसले. दुसरा घाव तिरका गेला, अर्धी मान उघडी झाली, श्वासनळीतून फेसाळ रक्त बुडबुडत बाहेर आले. बकऱ्याने दोरीला हिसडा दिला आणि लोंबत्या मानेने तो चाळीच्या ओट्यावरून धावत सुटला. दारे धडाधड बंद झाली. रांगोळ्यांवर, चपलांवर, एका दारातल्या दुधाच्या पिशवीवर रक्त उडाले. पाण्याच्या पंपापाशी तो गुडघ्यांवर कोसळला. सहदेवने झेप घेऊन त्याची शिंगे पकडली. “हाण, अण्णा! हाण!”

तिसरा घाव सहदेवच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटे तुटून पडली.

मग शिपाई खुर्च्यांवरून उठले. मग शिट्टी वाजली, रिक्षा आली. सहदेवला घेऊन सगळी चाळ धावली. बकऱ्याला संपविण्याचे भान कोणालाच राहिले नाही. तो अर्धा तास जिवंत होता. राजाराम त्याच्याजवळ मांडी घालून बसले आणि त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर त्यांनी हात ठेवला. तेवढ्यात एक शिपाई धावत परत आला.

“बोटं कुठे पडली? डॉक्टर मागतायत.”

त्याने श्वास चालू असलेल्या बकऱ्याला पायाने बाजूला लोटले आणि त्याच्याखाली बोटे शोधली. ती सापडली. बर्फ आणला गेला. बकऱ्याचे डोळे उघडेच होते. श्वास केव्हा थांबला, हे फक्त राजारामांना आणि मला कळले.

बोटे जोडता आली नाहीत. गुन्हा नोंदविण्यात आला, तो दोन बोटांचा. मला कागदात गुंडाळून लाखेची मोहोर लावली. चिठ्ठीवर ‘मानवी रक्त’ असे लिहिले. माझ्यावर दोन रक्ते होती आणि बकऱ्याचे अधिक होते. त्याची नोंद कोठेही नव्हती.

न्यायालयात मला टेबलावर ठेवण्यात आले. गुन्हा कबूल आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले. राजाराम म्हणाले, “बोटांचा अपघात झाला, साहेब. बकऱ्याचा गुन्हा कबूल आहे. पण तो लावलेलाच नाही.” आणि त्यांनी खिशातून पोच काढली.

न्यायाधीशांनी ती दोनदा वाचली. चंद्रप्रकाश साक्षीसाठी उभे होते.

“हा अर्ज तुम्हाला घटनेपूर्वी चार दिवस मिळाला होता?”

“होय.”

“त्यावर काय कारवाई केलीत?”

“बंदोबस्त ठेवला.”

“कोणाचा?”

चंद्रप्रकाश यांनी माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी प्राण्यांवरील क्रूरतेचे कलम जोडण्याचे आदेश झाले आणि अर्जावर कारवाई का झाली नाही, याचा लेखी खुलासा मागविण्यात आला.

दंडावर खटला निकाली निघाल्यावर मला परत नेण्याची मुभा राजारामांना मिळाली होती. त्यांनी ‘परत नको’ असे लिहून दिले. माझीही तीच विनंती आहे. मला वितळवावे आणि माझ्यापासून दाराची कडी करावी. जे आवरता येते, ते आवरण्याच्या कामी मी यावे. आदेश अद्याप आलेला नाही. तोवर मी भोवतीच्या कागदाचे पान वाचतो. ते नोकरीच्या जाहिरातींचे आहे.

यंदा मार्गशीर्षात, राखणीच्या आठ दिवस आधी, चंद्रप्रकाश यांनी याच खोलीबाहेरच्या टेबलावर मनाईची नोटीस लिहिली आणि ती स्वतः चाळीत नेली. सहदेवने तीन बोटांच्या हाताने तिच्यावर सही केली. पुढचे मी शिपायांच्या बोलण्यातून ऐकले. रविवारी महापालिकेचे पशुवैद्य हजर होते. राखणदाराला कोहळा देण्यात आला. तो राजारामांनी डाव्या हाताने, घरच्या विळीवर कापला.