उठलेल्या माणसांच्या खुर्च्या

"तुझी आत्या आहे, तशी माझी सख्खी बहीण आहे ती. मला नको शिकवू," बाप पलंगावर उताणा पडून छताशी बोलत होता. "पण दुपारी त्या ऑफिसवाल्यांचा कार्यक्रम आहे, त्यांना काय सांगू? माझे मेहुणे गेलेत, तर तुम्ही आज उभ्यानेच भाषणं ऐका?"

"सांगा की मग. तुम्हाला कळत कसं नाही?"

"उसण कमरेत भरलीय माझ्या, डोक्यात नाही."

पोराने दाराला लाथ घातली. दार ओल्या रंगाचं होतं, त्यामुळे त्याच्या चपलेचा ठसा दारावर आणि दाराचा रंग चपलेवर. बाहेरून रंगारी ओरडला, "अहो, आत्ताच हात मारलाय मी त्याला."

घरात त्याला सगळे ठिणग्या म्हणायचे. का म्हणायचे ते त्या दाराला विचारा. शाळेत एका मास्तरांशी वाजलं आणि याने दप्तर तिथेच टाकून घर गाठलं, ते परत काही गेला नाही. तेव्हापासून बापाच्या धंद्यात. धंदा म्हणजे खुर्च्या भाड्याने द्यायच्या. घडीच्या, लोखंडी. लग्न असो, मीटिंग असो, कुणाचा वाढदिवस असो, टेम्पोत घालून न्यायच्या, मांडायच्या, आटोपलं की उचलायच्या.

त्या आठवड्यात घराचा पार बट्ट्याबोळ झाला होता. ताईने ज्याच्याशी जमवलं होतं, त्याच्या घरचे रविवारी पहिल्यांदाच येणार, म्हणून बाहेरच्या खोलीचं रंगकाम काढलेलं. बाहेरचं सामान आतल्या खोलीत, आतल्या खोलीतली माणसं स्वयंपाकघरात. धाकट्याला कांजिण्या. आई एका हाताने त्याला औषध लावतेय, दुसऱ्या हाताने रंगाऱ्याला चहा देतेय. त्यात खुर्च्या उचलताना बापाची कंबर धरली. आणि त्यात आतोबा गेले. "एवढंच राहिलं होतं," असं ताईच्या तोंडून निघून गेलं आणि मग तीच मोरीत जाऊन रडत बसली.

आत्याचा फोन ठिणग्यानेच घेतला होता. ती रडत नव्हती. म्हणाली, "तू ये रे उद्या. माझ्या शेजारी बस. हे सगळे त्यांच्याकडचे भाऊबंद, यातल्या कुणाचा हात धरावा असं मला वाटत नाही." आत्याला मूलबाळ नव्हतं. शाळा सोडली तेव्हा अख्खं घर याच्यावर तुटून पडलं होतं, तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "जेवलास का?" ठिणग्याने शब्द दिला. बसतो म्हणाला. हलणार नाही म्हणाला.

"हे बघ," बापाचा आवाज जरा खाली आला. "तिथे बसायला खुर्च्या लागतीलच ना? आपल्या जाऊ देत. भाड्याचं नाव काढायचं नाही. आत्ता जाऊन मांड, आत्याजवळ बस, आटोपलं की उचल आणि तशाच पुढे ने. दोन्ही होतं."

"मयताला जाऊन खुर्च्या उचलू? लाज नाही वाटत तुम्हाला?"

बापाने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "वाटते. म्हणून तर तुला पाठवतोय."

ठिणग्या आतून शर्ट घेऊन आला, कॉलरवरचा रंगाचा थेंब नखाने खरवडला आणि टेम्पोत जाऊन बसला.

टेम्पो लंबू चालवायचा. गाडीत बसला की त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर यायचे. वाटेत तो म्हणाला, "तू आज कामाला हात लावू नकोस. घरचा माणूस आहेस. मी बघतो." ठिणग्या नुसता हं म्हणाला. पण पोचल्यावर लंबूच्या आधी उडी मारून खुर्च्या उतरवायला लागला, कारण लंबू रांग नेहमी वाकडी लावतो.

आत्याच्या इमारतीच्या खाली एक लांबट हॉल होता. मुलांच्या सायकली काढून भिंतीला टेकवल्या होत्या. समोर आतोबा, गळ्यापर्यंत फुलं. आयुष्यभर त्यांनी शाळेची बस चालवली. बसमध्ये पोरांचा एवढा गोंगाट, की घरी आल्यावर ते रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आता सगळे कुजबुजत होते. त्यांना आवडलं असतं.

आत्या पहिल्या रांगेत होती. ठिणग्या शेजारी बसल्यावर तिने त्याचं एक बोट धरलं. रस्ता ओलांडताना पोरं धरतात तसं. तिचा हात गार होता आणि चष्मा मांडीवर. "दिसत नाही मला आता काही," ती म्हणाली. "बरंच आहे."

खिशात फोन थरथरला. आई. त्याने बंद केला. परत थरथरला. बाप. मग परत बाप. मग आणखी एकदा बाप. मागून कुणीतरी च्यक् केलं.

"आलोच," तो आत्याच्या कानात म्हणाला. तिने बोट सोडलं.

तो पार मागे, दारापाशी गेला. "काय आहे?"

"त्या लोकांनी कार्यक्रम अलीकडे ओढलाय," बाप म्हणाला. "कुणी मोठे साहेब लवकर जाणार म्हणे. आटोपत आलं का?"

"आटोपत आलं का म्हणजे? सिनेमा आहे का हा?"

"बरं बरं. तापू नकोस. पण उठले की लगेच बघ."

फोन ठेवला तेव्हा बस डेपोचे म्हातारे मॅनेजर समोर उभे राहून बोलत होते. आतोबांनी एकदाही पोरांवर हात उगारला नाही, वगैरे. ठिणग्या अर्धं ऐकत होता. अर्धं डोकं टेम्पोत होतं, कुठल्या रस्त्याने गेलं तर सिग्नल लागणार नाहीत ते बघत होतं. परत पुढे जावं तर सगळ्या रांगा ओलांडून जायला हवं, म्हणून बोलणं संपायची वाट बघत तो मागेच उभा राहिला.

"आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या," मॅनेजर म्हणाले.

सगळे उठले.

आता खुर्चीच्या धंद्यात एक गोष्ट असते. लोक उठले की मागच्या रांगेपासून सुरुवात करायची. ती पण लगेच. उठलेला माणूस परत टेकला की गप्पा मारत बसतो आणि मग त्याला हलवता हलवता जीव जातो. बापाने ठिणग्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. त्याच्या हातांना ते इतकं पाठ झालं होतं, की हातांनी त्याला विचारलंच नाही.

खट्.

पहिली घडी घातली. खट्. दुसरी. तिसरी पहिल्या दोघींवर टेकवली. चौथीला हात घातला तेव्हा त्याला वाटलं, आज आवाज फार येतोय. नेहमी खुर्च्या उचलताना लोक बोलत असतात, पोरं पळत असतात, भांडी वाजत असतात. त्याने मान वर केली. अख्खा हॉल पाठमोरा उभा होता, माना खाली घालून. कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. त्याच्याच हातातली खुर्ची तेवढी कुरकुरत होती, कारण तो ती ना उघडू शकत होता ना मिटवू.

दारातून लंबू खुणा करत होता. ठेव, ठेव. ठेवली तर आवाज होणार. तो तसाच धरून उभा राहिला.

मग मॅनेजर म्हणाले, "बसा," आणि सगळे बसले. मागच्या रांगेतले एक आजोबा पण बसले, म्हणजे बसायला गेले. खाली काही नव्हतं. लंबूने लांब हात टाकून त्यांना काखेखाली धरलं म्हणून ते जमिनीपर्यंत गेले नाहीत, पण त्यांची काठी गेली आणि ती फरशीवर खणाणली.

आता सगळ्यांनी वळून पाहिलं. ठिणग्या हातात खुर्ची घेऊन.

आतोबांचे एक चुलत भाऊ होते, बँकेत होते, त्यांना घरात सगळे साहेब म्हणत. ते खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, संपलं नाही अजून. तासाच्या हिशोबाने दिल्यात वाटतं खुर्च्या."

कुणीतरी हसलं. नाकातून, दाबून. पण हसलं.

ठिणग्याची कानशिलं तापली. इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. हे त्यालाही कळत होतं, आणि कळत असतानाच तो बोलला, "फुकट दिल्यात. तुमच्या खिशातून काही गेलं का?"

फुकट. आतोबा समोर झोपलेले आणि हा फुकट म्हणतोय. ज्याचं नावही काढायचं नाही म्हणून बापाने बजावलं होतं ते. शब्द हॉलभर फिरला आणि परत याच्याच तोंडावर येऊन बसला. जमीन फाटली असती तर तो खुर्चीसकट आत गेला असता.

आत्या उठली. चष्मा लावला, मागे बघितलं. त्याला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"असू द्या हो," ती साहेबांना म्हणाली. "त्याच्यामागे कामं असतात."

शेजाऱ्याच्या पोराबद्दल बोलावं तशी म्हणाली. आणि खाली बसली. तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. ठिणग्या तिथे गेला नाही. त्याने घडी घातलेल्या खुर्च्या एकेक करून परत उघडल्या, आजोबांना काठी उचलून दिली, पण त्यांच्याकडे बघणं काही जमलं नाही.

शववाहिका आली. आतोबांना नेलं. माणसं बाहेर पडली आणि आता कुणीच परत बसणार नव्हतं, तरी ठिणग्याला खुर्चीला हात लावायचं धाडस होईना. लंबूच भराभर उचलत होता, शक्य तेवढा कमी आवाज करत.

"तू जा," लंबू म्हणाला. "मी नेतो. तिथल्या वॉचमनला घेतो उतरवायला. तुझ्या बापाला मी सांगतो काय ते."

"ते रांगा कशा हव्यात..."

"वाकड्या लावीन. जा म्हणतोय ना."

बाहेर गाडी उभी होती. पुढे साहेब. मागे साहेबांची बायको, खिडकीला चिकटून. या बाजूला दारापाशी आत्या, आणि मधल्या जागेवर तिचा हात पालथा ठेवलेला, जागा धरून ठेवतात तसा. तिने काच खाली केली.

"चल," ती म्हणाली. "मी सरकते."

ठिणग्याने आत पाहिलं. स्मशानापर्यंतचा सगळा रस्ता. साहेबांचे डोळे आरशात. कुणी काही बोलणार नाही. आणि आत्या परत त्याचं बोट धरणार, काही झालंच नाही असं. कानाखाली मारली असती तर त्याने सोसलं असतं. हे कसं सोसायचं ते त्याला माहीत नव्हतं.

"खुर्च्या पोचवायच्यात, आत्या."

"तो उंच मुलगा नेतोय ना? हॉलमधून निघताना मी ऐकलं."

"तो एकटा कसा नेईल."

"नेतो म्हणाला तो."

"नाही गं." ठिणग्या चपलेवरच्या रंगाकडे बघत होता. "मला आता निघायला हवं."