फरशीखालचा अर्थिंगचा खड्डा

ही गोष्ट २०११ सालची. मित्रांनो, त्या वर्षी मी सदतीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यावर फरशी बसून चार वर्षं झाली होती. मी एक जुना अर्थिंगचा खड्डा आहे.

हसू नका. खड्ड्यालाही जन्म असतो. घर बांधलं तेव्हा मागच्या अंगणात पुरुषभर खणून तांब्याचा जाड पत्रा उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला नळी ठेवली आणि सिमेंटचं झाकण घातलं. घरातल्या मेन बोर्डापासून एक तार जमिनीखालून माझ्यापर्यंत आली. वीज वाट चुकून इस्त्रीच्या किंवा पंख्याच्या अंगात शिरली, की या तारेने माझ्याकडे यायची आणि मी तिला मातीत जिरवायचो. घरात कोणाला पत्ताही लागत नसे. आमच्या कामाचं हेच दुखणं, नीट झालं की ते दिसत नाही.

मला लागायची फक्त ओल. कोरडी माती वीज पोटात घेत नाही. घरची आई रोज सकाळी कपडे खळबळून झाले की उरलेल्या पाण्याची बादली माझ्यात रिकामी करायची आणि म्हणायची, "पी बाबा." तेहतीस वर्षांत तिचा खाडा मला फारसा आठवत नाही.

मग तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला. ती खाटेला खिळली आणि माझं पाणी तुटलं. पुढे मुलाने अंगणात फरशी घातली, स्कूटर धुवायला सोपं म्हणून. झाकणाचं काय करू, असं गवंड्याने विचारलं होतं. मुलगा फोनवर बोलत होता. त्याने हातानेच 'घाल घाल' अशी खूण केली. झालं, मी गडप. मला राग आला नाही, मित्रांनो. रागावायलाही अंगात थोडी ओल लागते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी लांबच्या खांबावर वीज पडली. तारांमधून लाट उसळली आणि आईचं श्वासाचं यंत्र जळालं. हे यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने तिच्या नाकात सोडायचं. दवाखान्याने दुसरं दिलं, पण बजावलं की आता तिसरं नाही. घरात प्राणवायूचा एक सिलिंडर होता. तो तीन तास पुरायचा.

मुलगा हादरला. अशी लाट अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवायचा असं त्याने ठरवलं. तीन दिवस खोक्यांवरचे आकडे ताडून पाहिले आणि सगळ्यांत मोठ्या आकड्याचा उचलून आणला. बसवायला वायरमन आला. त्याने खोकं फिरवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"साहेब, पहारेकरी तगडा आणलात. पण पकडलेला चोर नेऊन टाकायचा कुठे? अर्थिंग कुठाय?"

"बोर्डात हिरवी तार आहे की."

"तार दिसतेय मला. तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?"

मुलाने मागच्या अंगणातल्या फरशीकडे पाहिलं. वायरमनने बल्बची एक वायर चालू तारेला आणि दुसरी त्या हिरव्या तारेला लावून पाहिली. बल्बमधली तार जेमतेम लाल झाली. मग त्याने समजावलं. घराला एवढा मोठा आकडा लागत नाही. मेन बोर्डात एक बेताचा आणि यंत्राच्या प्लगपाशी दुसरा छोटा बसवला तर बरं. पण कुठलाही आणा, तो लाट गिळत नाही, जमिनीकडे ढकलतो. जमिनीने घेतलीच नाही, तर पहारेकरी नुसता शोभेचा. नवीन खड्ड्याला दोन दिवस लागले असते, आणि आभाळ तर दुपारीच काळंठिक्कर पडलेलं.

सुनेने आत जाऊन सासूला जुना खड्डा नेमका कुठे होता ते विचारलं. आई धापा टाकत म्हणाली, "नळापासून भिंतीच्या कडेने... नऊ पावलं."

मुलाने नऊ पावलं मोजली आणि फरशी फोडली. खाली नुसती माती. शेजारची फोडली, तिथेही तेच.

"आणखी दोन फोडा, नवा खड्डा आपोआप तयार होईल," वायरमन म्हणाला.

घणाचा आवाज भलतीकडून येतोय हे आईला आतूनच कळलं. ती सुनेला म्हणाली, "अगं, तो रिकाम्या हाताने चालतोय. मी भरली बादली घेऊन जायचे."

सुनेने नळाखाली बादली काठोकाठ भरली. पदर खोचला आणि एका अंगाला झुकून, पाणी सांडू न देता, छोटी छोटी पावलं टाकत निघाली. नवव्या पावलाला तिने बादली टेकवली.

"इथं फोडा."

चार वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. वायरमनने तार पत्र्याला जोडणारा गंजलेला नट घासून पुन्हा आवळला. पहिली बादली कोळशानेच पिऊन टाकली, माझ्या पत्र्यापर्यंत थेंब आला नाही. सातवीनंतर बल्ब लख्ख पेटला. मग त्याने हाताशी होता तो मोठा प्रोटेक्टरच तूर्तास बोर्डात बसवला, आपल्या पिशवीतला छोटा प्लगपाशी जोडला आणि सांगितलं, "प्रोटेक्टरच्या या बारक्या खिडकीत हिरवं दिसतंय तोवर तो जिवंत. लाल झालं की बदलायचा. आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढा, उगाच मर्दुमकी नको."

चार वाजता वादळ आलं. त्यांनी प्लग काढून सिलिंडर लावला. सात वाजता सिलिंडर संपला, वादळ संपलं नव्हतं. मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने प्लग लावला. यंत्र घुरघुरू लागलं.

थोड्याच वेळात ती लाट आली. इतकी मोठी मी कधी पाहिली नव्हती. मी म्हातारा, त्यात नुकताच भिजलेला. सोसवेल असं वाटलं नाही. पण माती ओली होती, तिने मला एकट्याला सोडलं नाही. बोर्डातली खिडकी लाल झाली. यंत्राची घुरघुर मात्र थांबली नाही.

लाल झालेला प्रोटेक्टर दुसऱ्याच दिवशी बदलला, या वेळी बेताच्या आकड्याचा आणला. आई पुढे दोन वर्षं जगली आणि एका सकाळी झोपेतच गेली. यंत्र दवाखान्यात परत गेलं, कोणा दुसऱ्याच्या उशाशी. वायरमनचे गुडघे गेले. आता तो दुकानात बसतो आणि खोकं मागायला आलेल्याला आधी खड्ड्याचं विचारतो, म्हणून त्याचं गिऱ्हाईक वैतागतं. मुलगा निवृत्त झाला. त्याने घराच्या नकाशावर माझी जागा लाल शाईने काढून तो कागद बोर्डाच्या दारात आतून चिकटवला आहे. सुनेचे केस पांढरे झाले. माझा पत्राही आता झिजला आहे. पुढच्या वर्षी शेजारी नवा खड्डा खणणार आहेत. खणू देत, मी दमलो आहे.

मित्रांनो, तुमच्या घराचा खड्डा कुठे आहे, ते घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला विचारा. त्याला सांगायला दम आहे, तोवर विचारा.