नाक धरणारी मुलगी

डोळे मिटा बघू क्षणभर. समोरून एक वाफेचं इंजिन येतंय. पण रोजचं ओबडधोबड नव्हे. ओल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. धुराडं अंगातच दडलेलं, कपाळावर एकच दिवा, आणि बाजूंना पत्र्याची झालर इतकी खाली आलेली, की चाकंसुद्धा झाकली गेलीत. मागे तसेच झालरवाले पाच डबे. दिसलं? आता त्या झालरीवर लक्ष ठेवा.

१९३९ सालच्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका छोट्या स्टेशनावरून ही गाडी पहिल्यांदा जाणार होती. नऊ वर्षांच्या डिलिसला त्या झालरीचीच काळजी लागली होती. तिचे पपा, मिस्टर प्रॉसर, तिथले स्टेशनमास्तर. न थांबता जाणारी प्रत्येक गाडी ते फलाटावरून न्याहाळत. शाळा नसली की पलीकडची बाजू कुंपणापाशी उभी राहून डिलिस बघे. सगळं ठीक असेल तर हात वर करायचा. एखाद्या चाकाचा आस तापून धुमसत असेल, तर एका हाताने नाक धरायचं आणि दुसऱ्याने खाली चाकांकडे बोट दाखवायचं. जळक्या तेलाची घाण सुटते, म्हणून नाक. ही खूण लाइनवरच्या प्रत्येक गार्डला ठाऊक. तापलेला आस मोडू शकतो, आणि पुढे दोन मैलांवर नदीचा पूल होता.

"पण पपा, चाकं दिसलीच नाहीत तर बघायचं काय?"

"आज बघायचं नाही, राणी. आज नुसतं मिरवायचं." पपा म्हणाले खरे, पण टोपी मात्र दोनदा काढून पुन्हा घातली.

फलाटावर बँड होता, कंपनीचे साहेब होते. पलीकडे कुंपणापाशी हार्टुंगबाईंनी सगळी शाळा कागदी झेंडे देऊन उभी केली होती. "हसा रे! दात दिसू द्या!"

शिट्टी घुमली. इंजिन सळसळत गेलं. पोरं ओरडली. पहिला डबा, दुसरा, तिसरा... चौथा डबा समोर आला आणि डिलिसच्या नाकात तो वास शिरला. धूर कुठेच नव्हता. तिने चटकन नाक धरलं.

"डिलिस प्रॉसर!" बाईंचा आवाज चिरकला. "अगं, साहेब लोक आलेत! सोड ते नाक!"

"राणीसाहेबांना नव्या गाडीची घाण येतेय," शेजारचा रस्टी खिदळला.

बाईंनी तिचा झेंड्याचा हात घट्ट पकडला. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड स्ट्रोबेल उभा होता. तिला बघून तो हसला. त्याला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. डिलिसने हिसडा मारला, झेंडा पडला, आणि तिने चाकांकडे बोट केलं.

स्ट्रोबेलचं हसू मावळलं. तो आत धावला. ब्रेक किंचाळले.

गाडी फलाटापलीकडच्या, इंजिनात पाणी भरायच्या टाकीपुढे जाऊन थांबली. बँड अर्ध्यात बंद पडला. स्ट्रोबेलने पहार घालून चौथ्या डब्याची झालर उचकटली, तसा काळा धूर भस्सकन बाहेर आला. आत आसाच्या टोकाची तेलाची पेटी निखाऱ्यासारखी लाल झाली होती.

रूळ ओलांडून आलेल्या थोरल्या साहेबांनी हॅट काढली.

"मुली," साहेबांनी कसंबसं विचारलं, "झालर असून तुला दिसलं कसं?"

"दिसलं नाही, सर. वास आला."

चौथा डबा सोडवून बाजूच्या रुळावर ठेवायला तास गेला. उरलेली गाडी निघाली, तेव्हा टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. हार्टुंगबाईंनी पडलेला झेंडा झटकून डिलिसपुढे धरला.

डिलिसने झेंडा घेतला आणि रस्टीकडे दिला. "धर जरा. मला दोन्ही हात लागतात."

मग ती गाडीच्या पुढे धावली, टाकीपलीकडे कुंपणाशी उकिडवी बसली, मान वाकडी करून झालरीखाली बघत, प्रत्येक डब्याचा वास घेत राहिली. शेवटचा डबा पुढे गेल्यावर ती उठली आणि तिने हात वर केला.